मट्टांचेरीतला केर

सकाळी मेथी निवडत बसले होते, तेव्हा हणमंतभावजींचा फोन आला. "वैनी, मालन गेली," एवढंच म्हणाले. फोन तसाच कानाला लावून मी बसून राहिले. पलीकडं विट्याच्या घरात बायका रडत होत्या, भांडं पडल्याचा आवाज आला, कुणीतरी कुणाला तरी हाक मारली... खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता वर्षभर सगळे हिचंच कौतुक करत बसणार. साठी उलटलेली मी बाई, तीस-बत्तीस वर्षं शाळेत पोरांना शिकवलेली, आणि धाकटी जाऊ गेल्याचं ऐकून मला हे सुचावं! मग रडू आलं. पण ते दुसऱ्यांदा आलं, पहिल्यांदा नाही. आज महिना-सव्वा महिन्यानं हे लिहायला बसले आहे ते एवढ्यासाठीच, की मालनबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही खरंच लिहावं लागेल, आणि ते मी बावीस वर्षं टाळलं आहे.

मालन ही माझ्या दिराची, हणमंतभावजींची बायको. आमचं मूळ गाव विट्याच्या पूर्वेला, कोरडवाहू मुलखात. सासऱ्यांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती. दोन मुलगे. थोरले आमचे हे, शिकून कराडला साखर कारखान्यात कारकून झाले. मी रहिमतपूरची, डी.एड. झालेली, लग्नाआधीच नोकरीचा कागद हातात घेऊन आलेली सून. गावात माझी ओळख करून द्यायची तर सासूबाई पदर सावरून "आमची मास्तरीन" म्हणायच्या. तीन वर्षं असं सुखात गेलं. मग आटपाडीकडच्या एका वस्तीवरून सातवी पास झालेली मालन सून म्हणून आली. काळीसावळी, उंच, मोठ्यानं हसणारी. पहिल्याच दिवशी तिनं चुलीवर वीस माणसांच्या भाकऱ्या एकटीनं थापल्या आणि वर सासूबाईंचे पाय चेपत बसली. संध्याकाळपर्यंत सासूबाईंच्या तोंडी "माझी मालन" सुरू झालं. मी "आमची" होते, ती "माझी" झाली. एवढ्याशा फरकानं माणसाच्या पोटात किती दुखावं, हे ज्याला जाऊ नाही त्याला कळायचं नाही.

हणमंतभावजी सोळाव्या वर्षीच गलाईचं काम शिकायला एका चुलतभावाबरोबर केरळात गेले होते. आमच्या भागातली निम्मी घरं या धंद्यावर उभी आहेत. जुने दागिने वितळवायचे, त्यातली भेसळ तेजाबानं काढायची आणि चोख सोनं करून सराफाला द्यायचं. देशातल्या कुठल्याही शहराच्या सराफकट्ट्यात जा, एखाद्या बोळात विट्याकडचा माणूस भट्टीसमोर बसलेला सापडेल. भावजींचं दुकान कोचीला, म्हणजे जुन्या गावात, मट्टांचेरीत होतं. लग्नानंतर वर्षभरात मालनही तिकडं गेली. दरवर्षी जत्रेला यायची तेव्हा तिच्याबरोबर मिरी, दालचिनी, केळ्याचे काप आणि गोष्टींची पोतीच्या पोती यायची. आज बोटीनं बाजाराला गेले, आज देवळात हत्ती बघितला, आज शेजारणीनं फणसाचं अमुक शिकवलं. बायका तिच्याभोवती गोळा व्हायच्या. मी शाळेत "भारताची किनारपट्टी" शिकवायची, नकाशात बोट ठेवून खाऱ्या पाण्याची सरोवरं दाखवायची, आणि समुद्र पाहिला होता तो एकदाच, सहलीला गणपतीपुळ्याला, तोही पोरं मोजता मोजता. आणि सातवी पास मालन रोज सकाळी समुद्राकाठी मासळी घेत होती! गाढवाला गुळाची चव काय, असं मी मनात म्हणायचे. आता वाटतं, गूळ तिला चांगलाच कळला होता.

बावीस वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत तिनं हट्टच धरला. "अक्का, तुमी दोघं बी एकदा तरी या की वो. मनूला दर्या दावू." मनू, माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची होती. ती तर पिशवी भरून दारातच उभी राहिली. मला जायचं नव्हतं असं नाही, मला तिच्या घरी जायचं नव्हतं. पण हेही म्हणाले, चार दिवसांचा प्रश्न आहे, तेवढाच बदल. मग मिरजेहून गाडी पकडली. गोवा मागं पडल्यावर खिडकीतून दिसणारं सगळं हिरवं आणि ओलं होत गेलं. विहिरींच्या काठापर्यंत पाणी. आमच्या गावात बैल पाण्याला दोन मैल न्यावे लागत. मी खिडकीतून तोंड फिरवून घेतलं. इतकं पाणी कशाला लागतं कुणाला, असं काहीतरी बोलले, आणि हे हसले.

एर्नाकुलमहून बोटीनं पलीकडं गेलो. धक्क्यावर मालन उभी होती, डोईवर पदर नाही, केसांत मोगरा, आणि हातात कोकणी बायकांसारखी गुंडाळी केलेली छत्री. गावाकडं खाली मान घालून चालणारी हीच का ती, असं वाटलं. तिनं मनूला कडेवर घेतलं. नऊ वर्षांची घोडी, पण घेतलं. बोळातून चाललो तर दोन्ही बाजूंना जुन्या वखारी, सुंठीचा आणि मिऱ्याचा वास नाकात चढणारा, भिंती शेवाळलेल्या, लाकडी खिडक्या. दर चार पावलांवर कुणीतरी "चेची, चेची" करून तिला थांबवायचं. चेची म्हणजे ताई. ती खडखड त्यांच्या भाषेत बोलायची, हसायची, मग आमच्याकडं हात करून काहीतरी सांगायची. "काय सांगितलंस?" मी विचारलं. "सांगितलं, ह्या माझ्या थोरल्या जाऊबाय, मास्तरीन हायेत, समदी पुस्तकं वाचल्यात." तिनं माझा मोठेपणाच सांगितला होता, पण मला भाषा कळत नव्हती म्हणून तोही मला तिच्या हातून घ्यावा लागला. घर दोन खोल्यांचं, खाली दुकान आणि आतून लाकडी जिना. वरच्या गच्चीतून दोन वखारींच्या मधून पाण्याची एक पट्टी दिसायची, त्यातून मधूनच एखादी बोट जायची. कराडला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्यांचं न्हाणीघर दिसतं.

दुसऱ्या दिवशी तिनं आम्हाला सगळं गाव दाखवलं. पोर्तुगीजांच्या वेळचं चर्च, भिंतींवर रामायणाची चित्रं असलेला जुना राजवाडा, आणि फोर्ट कोचीच्या काठावरची ती प्रचंड चिनी जाळी. लाकडी वाशांना बांधलेलं जाळं पाण्यात सोडतात आणि मागं दगड लोंबकळत असतात, चार-पाच माणसं दोऱ्या ओढतात तसं ते जाळं हळूहळू वर येतं. मला या जाळ्यांची माहिती होती, भूगोलाच्या पूरक पुस्तकात एक चित्रच होतं. मी मनूला सांगायला सुरुवात केली, तर मालननं एका माणसाला हाक मारली, त्यांच्यात काही बोलणं झालं आणि पुढच्या मिनिटाला माझी मुलगी त्या माणसांबरोबर दोरी ओढत होती. जाळ्यात मूठभर मासे आले. पण मनूचं तोंड असं फुललं होतं, की मी तिला तसं त्यानंतर फार वेळा पाहिलेलं नाही. "काकी, अजून एकदा!" ती ओरडली. आई तिथंच उभी होती, हातात तिच्या चपला घेऊन. यांनीही तेवढ्यात म्हटलं, "मालननं काय धीर धरलाय बघ. परमुलखात येऊन सगळं जमवलं." मी म्हटलं, "हो, बाईला सवय होते." जेवायला खोबरेल तेलातली मासळी होती, मला वास सहन होईना, तर तिनं माझ्यासाठी मुद्दाम शेंगदाण्याच्या तेलात वेगळी आमटी केली होती. तिनं ती आमटी वाढताना कुणाला ऐकू जाऊ दिलं नाही, हेही माझ्या लक्षात आलं. त्याचाही मला राग आला. माणसानं कुठंतरी चुकावं की नाही?

इथं एक सांगायला हवं. मी तीन दिवस त्या दुकानाच्या वर राहिले, आणि लग्नापासून तोवर चौदा वर्षं या गलाईच्या पैशावर उभ्या राहिलेल्या घरात वावरले, पण या कामाबद्दल मी कधी एक प्रश्न विचारला नव्हता. शाळेत पोरांना "शंका विचारा" म्हणून ओरडणारी मी. पण मालनला विचारायचं म्हणजे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं हे कबूल करणं होतं. ती एकदा आपणहून सांगू लागली होती, "अक्का, आमच्यात ना, दुकान झाडायची बी येक रीत असती..." आणि मी "असेल बाई" म्हणून उठून गेले होते. तेवढं वाक्य तिला पुरं करू दिलं असतं तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती.

तिसरा दिवस रविवार होता. दुकान बंद. हे आणि भावजी बोटीनं एर्नाकुलमला गेले. मालन मनूला पुन्हा जाळी दाखवायला निघाली, मलाही चला म्हणाली. मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. डोकं दुखत नव्हतं. त्या दोघी हातात हात घालून बोळातून गेल्या, मनू उड्या मारत, आणि वळणावर तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी घरात एकटी. काय करावं म्हणून जिना उतरून खाली दुकानात गेले, आणि मला अत्यानंद झाला! कारण दुकान घाण होतं. कोपऱ्यांत धूळ, भट्टीभोवती राख, दारात पायपुसणं म्हणून टाकलेलं एक तेलकट पोतं, आणि मोरीजवळ पत्र्याचा चौकोनी बिस्किटांचा डबा, तो केरानं भरलेला. महिनोन् महिने टाकलाच नव्हता, वरून दिसत होतं. गणपतीपासून तरी नक्की. सोन्याचा धंदा करतात आणि केर टाकायला यांना वेळ नाही! मला अखेर एक जागा सापडली होती जिथं मालन कमी पडत होती. मी पदर खोचला. कोपरान् कोपरा झाडून काढला, भट्टीची राख भरली, पोतं बाहेर नेऊन आपटलं, सगळं त्या डब्यात दाबून भरलं आणि बोळाच्या टोकाशी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या तिथं जाऊन डबा पालथा केला. केर थोडा वेळ पाण्यावर तरंगला, मग खाली बसला. डबा घासून, धुऊन उन्हात ठेवला. बादलीभर पाणी ओतून फरशी पुसून काढली. तीन दिवसांत पहिल्यांदा मी मनापासून गुणगुणत होते.

मालन परतली तेव्हा मी केरसुणी हातात धरूनच उभी होते, तिनं बघावं म्हणून. ती उंबऱ्यात थांबली. फरशीकडं बघितलं, मोरीकडं बघितलं.

"अक्का, डबा कुठाय?"

"घासून उन्हात ठेवलाय. किती दिवसांचा केर साठवला होतास गं?"

"आन त्यातलं?"

"त्यातलं काय? टाकलं." मी पाण्याकडं हात केला.

मालननं मनूला वर पाठवलं आणि पायऱ्यांपर्यंत जाऊन आली. परत येऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली, आणि मग अगदी हळू आवाजात, शाळेत कच्च्या पोराला समजावतात तसं मला सांगितलं. वितळवताना, कापताना, घासताना सोन्याचे कण उडतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत पण जमिनीवर असतात. म्हणून गलाईवाला दुकान कधी बाहेर झाडत नाही. दारापासून आत झाडत यायचं, केर डब्यात भरायचा, राख त्यातच, हात धुतलेलं पाणीसुद्धा साठवायचं. दारातलं पोतंही त्याचसाठी, पायाला लागलेलं बाहेर जाऊ नये म्हणून. वर्षातून एकदा ते सगळं जाळायचं, धुवायचं, आणि त्यातून जे सोनं निघतं ते घरच्या बाईचं. तिच्या झाडण्याचं. किती असेल, असं मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "औंदा मनूसाठी कानातलं करायचं मनात हुतं." माझ्या मनूसाठी.

तेवढ्यात बोळात पुरुषांची बोलणी ऐकू आली. मालन उठली, माझ्या हातातली केरसुणी तिनं काढून घेतली. मी घट्ट धरली होती, तर माझी बोटं सोडवून घेतली. भावजी दारात आले आणि धुतलेली फरशी बघून जागच्या जागी थांबले. "आवं, मीच झाडलं," मालन म्हणाली. "ध्यानच न्हाई ऱ्हायलं. डबा बी दर्यात वतला. लय चुकलं." भावजींनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग खाली जमिनीकडं. मग त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि म्हणाले, "बरं. च्या टाक." आमचे हे मात्र भडकले. "अगं मालन, वेडी का काय तू? एवढं वर्षाचं कष्टाचं... माणसानं काही विचार करावा!" यांनी मालनला रागावलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मी बोलायला तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण यांचा आवाज ऐकला आणि मिटलं. लाज वाटली हे खरं. पण फक्त लाज नव्हती. कुणीतरी अखेर तिला बोल लावत होतं, आणि ते कानाला गोड लागत होतं. हात दाखवून अवलक्षण मी केलं होतं, आणि ते तिच्या कपाळी लागत होतं. मी जिना चढून वर गेले आणि मनूची वेणी घालत बसले.

चौथ्या दिवशी निघालो. धक्क्यावर तिनं मनूच्या पिशवीत केळ्याचे काप कोंबले, माझ्या पाया पडली आणि कानाशी येऊन म्हणाली, "अक्का, मनाला लावून घिऊ नगा." बोट सुटली. मी त्या बाईचा तेव्हा जितका हेवा केला तितका आधी कधी केला नव्हता. तिचा समुद्र, तिची भाषा, तिच्या नावानं हाका मारणारी माणसं, हे एक वेळ मी पचवलं असतं. पण चांगुलपणा ही माझी गोष्ट होती. मी मास्तरीण होते. फळ्यावर सुविचार मी लिहायची. आणि त्याही बाबतीत ती माझ्यापुढं निघून गेली होती, तेही इतकं सहज, जणू केरसुणी उचलून कोपऱ्यात ठेवावी.

ही गोष्ट गावाकडं पोचायला वेळ लागला नाही. आमच्याकडं गलाईवाले दिवाळीत, जत्रेत, लग्नसराईत घरी येतात, आणि एकदा का चहाचे पेले फिरले की भावजी सुरू करायचे, "आमच्या मालननं दर्याला सोनं वाहिलंय, समुद्र आमचा देणेकरी हाय." हशा पिकायचा. एखादा म्हणायचा, "वैनी, औंदा किती तोळं वतलं?" बायका म्हणायच्या, "मालनच्या कृपेनं तिकडची मासळी बी सोन्याची असंल." मालन पदर तोंडाला लावून सगळ्यांबरोबर हसायची. मीही हसायची. इतकी हसायची, की एकदा मनू म्हणाली, "आई, काकीला वाईट वाटेल ना." आणि दर वेळी, अगदी दर वेळी, हसता हसता मालन एकदा माझ्याकडं बघायची. फार नाही, निमिषभर. त्या नजरेत राग नसायचा, ओरखडा नसायचा. मी लगेच कुणाला तरी "पाणी हवं का?" विचारायला उठायची. बावीस वर्षं मी पाहुण्यांना फार पाणी पाजलं. सासूबाई गेल्या त्याही ही गोष्ट खरी मानूनच गेल्या. शेवटच्या आजारात "माझी मालन येडी हाय, पर मनाची लय चांगली" म्हणाल्या, तेव्हा मी त्यांच्या उशाशी बसले होते, औषधाचा चमचा हातात घेऊन.

पाच वर्षांपूर्वी भावजींनी दुकान त्या चुलतभावाच्या मुलाकडं सोपवलं आणि दोघं विट्याला परत आले. मालननं परसात एक नारळ लावला, तिथल्या हवेत तो काही वाढत नव्हता, पण ती रोज त्याच्याशी मल्याळीत बोलायची. घरात सोन्याचा कण नाही, भट्टी नाही, तरी ती दारापासून आतच झाडत यायची. केर कोचीहून आणलेल्या त्याच बिस्किटांच्या डब्यात भरायची, आठवड्यानं बोटांनी चाळायची आणि नारळाच्या बुडात टाकायची. मी एकदा टोमणा मारलाच, "आता काय सापडतंय त्यात?" ती म्हणाली, "काय न्हाई वो. हाताला सवय हाय." ती जायच्या आधी पंधरा दिवस मी विट्याला गेले होते. तिला दम लागत होता, तरी उठून बसली. म्हणाली, "अक्का, परत येकदा जाऊ या कोचीला. दोघीच. चार दीस. बोटीत बसू, कुणाची चूल न्हाई, कुणाचा च्या न्हाई." माझ्या मनात आलं, हिला पुन्हा एकदा तिचं राज्य दाखवायचंय मला. मी म्हटलं, "बघू. उन्हाळा जाऊ दे." ती म्हणाली, "बरं," आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

तिला घेऊन माणसं गेली, तेव्हा घरात आम्ही बायकाच उरलो. घर झाडून धुऊन घ्यायचं होतं. कुणीतरी माझ्या हातात केरसुणी दिली, थोरली जाऊ म्हणून. मी वाकले. अर्ध्या खोलीपर्यंत आल्यावर माझ्या लक्षात आलं, मी दारापासून आत झाडत होते. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "आवं, भायेर काढा की केर, आज तरी." मी ऐकलं नाही. कोपऱ्यात डबा होता, तो अर्धा भरलेला, मालनच्या हातच्या शेवटच्या केरानं. मी माझा केर त्यातच भरला.

तेराव्याला माणसं जमली आणि रडून झाल्यावर कुणीतरी ती गोष्ट काढलीच. या वेळी कुणी हसलं नाही, हुंदक्यातूनच म्हणाले, "दर्याला सोनं वाहणारी गेली." मी पाणी द्यायला उठले... आणि आज कुणाला पाणी नको होतं. जेवणं उरकल्यावर भावजी परसात नारळापाशी बसले होते. मी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "भावजी, ते सोनं मालननं नाही टाकलं. मी टाकलं होतं."

भावजींनी वर बघितलंसुद्धा नाही. "बसा वैनी," म्हणाले. मग, "आवं, गलाईवाल्याची बायकू केर भायेर टाकंल व्हय? मालन झोपंत बी आत झाडायची. आन त्या दिशी तुमच्या साडीचा काठ वला हुता, तिचा कोरडा. दारातनंच दिसलं मला." मी विचारलं, मग आजवर बोलला का नाहीत? ते म्हणाले, "तिनं शपथ घातली हुती. म्हणली, अक्का मास्तरीन हायेत, पोरांस्नी खरं बोलाया शिकवत्यात. आज न्हाई उद्या आपणहून सांगतील. त्यांचं त्यास्नी सांगू द्या." मी म्हटलं, "आणि ती चेष्टा? दर लग्नात?" भावजींनी नारळाच्या बुडातली माती बोटानं सारखी केली. "ती बी तिनंच काढाया लावायची. म्हणायची, काढा की ती गोष्ट, अक्का हायेत. बघू आज सांगत्यात का." मग म्हणाले, "आमच्या धंद्यातल्या समद्यांस्नी ठावं हुतं वैनी. ठावं न्हवतं ते आमच्या दादाला, आन समद्यांस्नी ठावं हाय ह्ये तुमास्नी."

म्हणजे त्या हशातला प्रत्येक माणूस मला दार उघडून देत होता, आणि मी पाणी आणायला जात होते. आता रात्रंदिवस एकच प्रश्न मनात असतो, की मालनची ती माया होती की मला धडा शिकवणं होतं. माया असेल तर मी तिच्या पायाशी बसायच्याही लायकीची नाही. धडा असेल तर माझ्यासारख्या मास्तरणीलाही इतका धीर धरून शिकवता आलं नसतं. कसंही धरलं तरी ती पुढंच. कोचीला दोघींनीच जायचं ती का म्हणत होती, तेही आता कळायची सोय राहिली नाही. कदाचित तिला शेवटचं एकदा विचारायचं होतं. कदाचित खरंच नुसतं बोटीत बसायचं होतं.

निघताना मी भावजींकडं तो डबा मागितला. त्यांनी आतल्या केरासकट दिला. कराडला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तो ठेवला आहे. परवा मनू पुण्याहून आली. तिला मी सगळं सांगितलं, आधी तिला, मग यांना. हे चष्मा पुसत राहिले. मनू उठली, तिनं डब्याचं झाकण काढलं, आत वाकून वास घेतला आणि म्हणाली, "काकीच्या घराचा वास येतोय, आई." मग तो धुळीचा डबा तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि रडायला लागली. माझ्या खांद्यावर नाही, त्या डब्यावर मान ठेवून. मी शेजारीच उभी होते. खोटं आता कशाला बोलू... माझ्या पोटात तेव्हाही दुखलं, पूर्वी जिथं दुखायचं अगदी तिथंच. थोडा वेळ मी तिला रडू दिलं. मग डबा तिच्या हातातून काढून घेतला, झाकण लावलं आणि पुन्हा खिडकीत ठेवला. सासूबाई तिच्या वाटणीला गेल्या, समुद्र गेला, माझी लेकही निम्मी गेली. एवढा एक डबा तरी माझ्या वाटणीचा आहे.